‘विकत घेतलेले’ सिनेमे नातवापर्यंत पोहोचतील का?

बडोद्याला कारेलीबागेत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या यजमानांनी गेल्या आठ-नऊ वर्षांत दोन डिजिटल दुकानांतून मिळून १६० च्या आसपास सिनेमे विकत घेतले, सगळे क्लाउडमध्ये. शिवाय घरात जुन्या डीव्हीडी आणि व्हीसीडी मिळून तीनेकशे डिस्क आहेत. आता बंगला सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलंय. कॅनडातला मुलगा म्हणतो, “आई, सगळं क्लाउडवर आहे, डिस्क भंगारात देऊन टाक.” ताईंनी विचारलंय की हे १६० सिनेमे वीस वर्षांनी नातवाला बघता येतील का, आणि डिस्क खरंच काढून टाकाव्यात का.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. पुढची दहा वर्षं यातले बहुतेक सिनेमे दिसत राहतील असं मला वाटतं. वीस वर्षांची खात्री मी देणार नाही. आणि नातवाच्या नावावर ते करून देण्याची सोय आज तरी नाही. डिस्क मात्र भंगारात देऊ नका, निदान सगळ्या नाही.

हे कशाच्या जोरावर सांगतोय तेही सांगतो. १९९४ पासून दांडिया बाजारात आमची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. कॅसेट गेल्या, व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी, आणि २००९ मध्ये लायब्ररी बंद केली. तेव्हापासून फोटो स्टुडिओ, दवाखाने आणि घरगुती संग्रह यांचा डेटा सांभाळण्याचं काम करतो. या तीस वर्षांत लोकांचं चित्रण आणि सिनेमे कसे कसे हातातून जातात ते फार जवळून पाहिलंय. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: ज्या वस्तूच्या प्रती अनेक असतात आणि अनेकांच्या हातात असतात, ती टिकते. क्लाउडमधल्या सिनेमाची अडचण इथेच आहे. तुमच्याकडे त्याची प्रत नसतेच. प्रत दुकानदाराकडे असते आणि तुमच्याकडे ती बघण्याची परवानगी असते.

‘विकत घ्या’ या बटणाखाली जे मिळतं त्याला कायद्याच्या भाषेत परवाना म्हणतात. सिनेमाची फाइल कुलूपबंद असते. तुम्ही प्ले दाबलंत की तुमचा टीव्ही किंवा फोन दुकानाच्या सर्व्हरला विचारतो, ‘या खात्याला हा सिनेमा दाखवायचा का?’ तिकडून होकार आणि किल्ली आली की मगच चित्र दिसतं. गूगलच्या कुलपाचं नाव वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी. सिनेमा डाउनलोड करून ठेवला तरी फाइल कुलपासकटच येते, दुसऱ्या कुठल्या प्लेअरवर ती चालत नाही. म्हणून ‘मी सगळं डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवलंय’ असं कोणी सांगितलं की मी विचारतो, ते खातं बंद करून एकदा चालवून बघितलंत का?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ लिहायचं असेल तर हा परवाना आहे, मालकी नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे त्या बटणापाशी तसं सांगण्याची सक्ती नाही, पण अटी त्याच आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात.

आता हे तुटतं कुठे ते बघू. लोकांना वाटतं की दुकान बंद पडणं हा सगळ्यात मोठा धोका. माझा अनुभव वेगळा आहे, पण आधी दुकानांचंच बोलू, कारण तिथला इतिहास माहीत असलेला बरा.

अल्ट्राव्हायोलेट नावाची एक योजना अमेरिकेत २०११ मध्ये मोठ्या स्टुडिओंनी मिळून काढली. एकदा सिनेमा घेतला की तो तुमच्या ‘लॉकर’मध्ये कायमचा, असं तिचं स्वरूप. तीन कोटींच्या वर खाती झाली. ३१ जुलै २०१९ ला ती बंद झाली. ज्यांनी वेळेत आपलं लॉकर चालू दुकानाशी जोडून घेतलं त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले. अमेरिकेबाहेरच्या ग्राहकांना पर्याय कमी होते, त्यांना जास्त झळ बसली. अमेरिकेत आता मूव्हीज एनीव्हेअर नावाची सोय आहे, एका दुकानात घेतलेला सिनेमा दुसऱ्या दुकानातही दिसतो. ती भारतात नाही. आपल्याकडे प्रत्येक दुकान वेगळं बेट आहे, एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. तुमचे १६० सिनेमे दोन दुकानांत विभागलेत, म्हणजे दोन वेगळ्या साखळ्या झाल्या.

मोठ्या कंपन्यांनी दुकान आवरताना बहुधा नीट वागणूक दिली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकांचं दुकान बंद केलं तेव्हा पुस्तकं गेली, पण पैसे परत दिले. जुलै २०२५ मध्ये त्यांनी सिनेमे विकणं थांबवलं, आधी घेतलेले मात्र चालू ठेवले. गूगलने प्ले मूव्हीज हे ॲप टप्प्याटप्प्याने मिटवलं, पण खरेदी यूट्यूबवर दिसत राहिली. ॲपलने तर २०१७ पासून, आधी एचडीत विकलेले बरेच सिनेमे जास्तीचे पैसे न घेता ४के, म्हणजे एचडीहून सुस्पष्ट, करून दिले. डीव्हीडी कधी आपोआप सुधारत नाही, हा क्लाउडचा खरा फायदा आहे.

दुकान चालू असतानाच त्याचे एखादा सिनेमा दाखवण्याचे हक्क संपले, तर ते जास्त बोचतं. सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्राच्या दुकानातून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या लोकांनी घेतलेले स्टुडिओकनाल या सिनेमा कंपनीचे शेकडो सिनेमे ऑगस्ट २०२२ च्या शेवटी त्यांच्या संग्रहातून काढले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या मालिकांच्या १३०० हून अधिक सीझनबद्दल तशीच नोटीस आली. नंतर नवा करार झाला आणि ती मागे घेतली, पण करारावरच सगळं अवलंबून आहे हे त्यानिमित्ताने उघड झालं. त्याहून जुनं उदाहरण २००९ चं आहे. ॲमेझॉनने दोन कादंबऱ्यांच्या प्रती लोकांच्या किंडल या ई-बुक वाचण्याच्या यंत्रातून परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण घरातल्या कपाटात कोणी हात घालू शकतं हे लोकांना त्या दिवशी कळलं.

माझे स्वतःचे अकरा सिनेमे एका छोट्या डिजिटल दुकानासोबत गेले. नाव घेत नाही. सूचनेचा ईमेल आला होता, पण ज्या पत्त्यावर आला तो मी उघडत नव्हतो. त्यातले दोन मराठी सिनेमे मला अजून कुठे विकत मिळालेले नाहीत.

आणि इथे मराठीचं वेगळं बोलायला हवं. मोठा इंग्रजी सिनेमा एका दुकानातून गेला तर दुसरीकडे सापडतो. मराठी सिनेमाचे हक्क निर्माता, सॅटेलाइट वाहिनी, संगीत कंपनी यांच्यात वाटले गेलेले असतात. छोटा निर्माता धंदा सोडून देतो, करार संपतो, आणि सिनेमा कोणालाही न कळता दुकानातून नाहीसा होतो. बातमी होत नाही. तुमच्या १६० मध्ये मराठी किती आहेत ते मोजा. तुमच्या डिस्कांतही मराठी किती आहेत ते बघा, आणि त्या सगळ्यात आधी बाजूला काढा.

आता माझ्या मते जी सगळ्यात कच्ची कडी आहे तिच्याकडे येतो: खातं. माझ्याकडे ‘सिनेमे गेले’ म्हणून जे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांचे सिनेमे जागेवर असतात. दार उघडत नसतं. रावपुऱ्यातले एक गृहस्थ आले होते. खातं त्यांच्या जुन्या कंपनीच्या ईमेलवर काढलेलं, ते निवृत्तीनंतर बंद. ओटीपी जायचा तो मोबाइल नंबर रिचार्ज न केल्याने गेलेला. पासवर्ड मुलीने कधीतरी बदललेला, ती पुण्याला. पावणेदोनशे सिनेमे समोर दिसत होते, पण नवीन टीव्हीवर लॉगिन होईना. कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात चार महिने गेले. शेवटी खातं मिळालं, ते जुन्या खरेदीची बिलं त्यांनी छापून ठेवली होती म्हणून.

ताई, तुमच्या यजमानांचं खातं कोणत्या ईमेलवर आहे? ओटीपी कोणत्या नंबरावर येतो? तो नंबर घर बदलल्यावरही चालू राहणार आहे का? हे तुम्हाला स्वतःला माहीत असायला हवं, फक्त त्यांना असून चालणार नाही. हे बोलायला अवघड वाटतं, पण बडोद्यातल्या किती घरांत मी बघितलंय, माणूस गेला आणि मागे राहिलेल्यांना खात्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

वारसाचं सांगतो. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. खातेदाराच्या पश्चात त्याला फोटो, नोट्स, फाइली मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी आणि पुस्तकं त्यात येत नाहीत, असं कंपनी स्वतःच सांगते. परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्याच्यासोबत संपतो. घरचे लोक त्याच पासवर्डने बघत राहतात, व्यवहारात बहुतेक घरांत तेच चालतं. पण त्याला मालकी म्हणत नाहीत, आणि ते किती दिवस चालेल हे कोणी सांगू शकत नाही. डीव्हीडीचं तसं नाही. कपाट नातवाला दिलं की सिनेमे त्याचे झाले.

मुलगा कॅनडात आहे, म्हणून एक जास्तीची गाठ आहे. ही खाती देशाला बांधलेली असतात. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये खरेदी वाटून घ्यायची तर सगळ्यांच्या खात्यांचा देश एकच लागतो, म्हणजे त्याचं कॅनडाचं खातं तुमच्या भारतीय गटात बसणार नाही. आणि मुलाकडे राहायला गेलात म्हणून खात्याचा देश बदलायचा मोह झाला तर तो आवरा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅनडात गेलेल्या एका गृहस्थाचे तीन सिनेमे असेच संग्रहातून गेले होते, कारण त्या आवृत्त्यांचे हक्क नव्या देशात नव्हते. त्याची बरीच चर्चा झाली. तुमच्या यजमानांचं खातं भारताचंच राहू द्या, कुठेही असलात तरी.

आता डिस्क. भंगारात देऊ नका म्हटलं, पण डिस्क अमर असतात असं माझं म्हणणं नाही. आपण बडोदेकर आहोत, विश्वामित्रीच्या काठी राहतो, आपल्याला हे जास्त कळतं.

ज्या ३१ जुलै २०१९ ला अल्ट्राव्हायोलेट बंद झालं, त्याच दिवशी बडोद्यात एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला. तो दिवस मी विसरणार नाही. पुढचे दोन आठवडे मी तळमजल्यांवरून संग्रह काढत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं, कारेलीबाग, समा, फतेहगंज, अकोटा सगळीकडे घरांत शिरलं. दोन्ही वेळी जे पाहिलं ते सांगतो. चिखलात बुडालेल्या हार्ड डिस्क बहुतेक गेल्या. घरी राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीत बऱ्याच गेल्या, कारण त्यांच्यात डेटा रंगाच्या थरात असतो आणि तो थर मुळात नाजूक. पण कंपनीच्या ओरिजिनल डिस्क, ज्यांत डेटा साच्याने दाबलेला असतो, त्या साध्या पाण्याने आणि दोन थेंब सौम्य साबणाने धुऊन, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून, उभ्या वाळवल्या, आणि दहातल्या आठ-नऊ चालल्या. गोल पुसायचं नाही, चरा गोल गेला तर प्लेअरला वाचता येत नाही. वरचे कागद आणि डब्या मात्र फेकाव्या लागल्या.

म्हणून डिस्क वरच्या मजल्यावर, भिंतीला न चिकटलेल्या कपाटात, उभ्या. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काढून कडक डब्यांत. फ्लॅट कितव्या मजल्यावर घेताय ते तुम्ही लिहिलं नाहीत. तळमजला असेल तर हा भाग दोनदा वाचा.

तुमच्या कपाटात २००७ च्या सुमाराच्या मोझर बेअरच्या डिस्क नक्की असतील. तेव्हा त्यांनी २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली आणि आमच्यासारख्या लायब्ररीवाल्यांचा हिशेबच बदलला. घरोघरी संग्रह तेव्हा झाले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, कारभार संपला. तिची डिस्क तुमच्या प्लेअरमध्ये आजही लागते, कोणाला विचारावं लागत नाही. फ्लिपकार्टचं फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान आठवतं? २०१२ मध्ये उघडलं, २०१३ मध्ये बंद. ती गाणी साध्या एमपी३ मध्ये होती, कुलूप नव्हतं. ज्यांनी तेव्हा उतरवून घेतली त्यांच्याकडे अजून वाजतात. दुकानं दोन्ही गेली, वस्तू राहिली, कारण प्रत घरात होती.

प्लेअरची मात्र आताच सोय करा. सॅमसंगने नवे ब्लू-रे प्लेअर (डीव्हीडीनंतरची, जास्त सुस्पष्ट चित्राची डिस्क चालवणारे) काढणं २०१९ मध्ये थांबवलं, एलजीने २०२४ मध्ये. पाच वर्षांनी चांगला प्लेअर शोधत फिरावं लागेल. एक चालू प्लेअर आणि संगणकाला लागणारा एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह, दोन्ही घेऊन ठेवा. आणि डिस्क कधी मुलाकडे पाठवायचं ठरलं तर मागचं रिजनचं, म्हणजे ती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालते त्याचं, चिन्ह बघा. डीव्हीडीत भारत ५, कॅनडा १. ब्लू-रेत भारत सी, कॅनडा ए. हिंदी सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडी सगळीकडे चालणाऱ्या असतात, इंग्रजीच्या बहुतेक नसतात.

‘मग डिस्कवरून हार्ड डिस्कवर उतरवून ठेवू का’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. विकत घेतलेल्या डिस्कवर कुलूप असतं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. खासगी वापराची सवलत त्याच कायद्यात आहे आणि वकील यावर दोन्ही बाजूंनी बोलतात. मी हे काम कोणाला करून देत नाही. घरच्या चित्रणाचं मात्र आनंदाने करतो, त्यावर हक्क तुमचाच आहे.

इतकं सगळं टिकवायचं कशाला, असं मुलगा म्हणेल. दादासाहेब फाळके आपल्या इथल्या कलाभवनात शिकले. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाची चारही रिळं आज कोणाकडे अखंड नाहीत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये, तोवर कितीतरी रिळं गेली होती. उरलं ते बहुतेक कोणाच्या तरी माळ्यावर, गोदामात, एखाद्या जुन्या थिएटरमालकाच्या पेटीत सापडलं म्हणून. मोठ्या संस्था हव्यातच, पण त्यांच्याआधी घरं असतात.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात काय केलं असतं ते सांगतो. दोघं मिळून बसा आणि ज्यांच्याशिवाय करमणार नाही असे वीस-पंचवीस सिनेमे निवडा. १६० मधून, ३०० मधून, दोन्हीकडून. त्यांतले जे फक्त क्लाउडमध्ये आहेत त्यांची ओरिजिनल डिस्क मिळते का ते शोधा. जुनी, वापरलेली चालेल. उजेडासमोर धरून बारीक भोकं किंवा तांबूस डाग दिसत नाहीत ना तेवढं बघून घ्या. उरलेले क्लाउडमध्ये आहेत तिथे राहू द्या, आनंदाने बघा, पण पुढची खरेदी करताना मनात लांब मुदतीचं भाडं समजा. एकदाच बघायचा असेल तर भाड्यानेच घ्या. साधारण तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो, किंमत बरीच कमी. संग्रहाची यादी आणि खरेदीची बिलं कागदावर छापून, ईमेल आणि नंबरासकट, बँकेच्या पासबुकासोबत ठेवा. दोन्ही दुकानांचे ईमेल जिथे येतात ती पेटी महिन्यातून एकदा तरी उघडा.

राहिलेल्या डिस्क भंगारात टाकण्यापेक्षा ओळखीच्या लोकांत वाटा. त्यांतल्या मराठी सिनेमांसाठी मलाही कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

आणि कपाटाच्या मागे लग्नाची किंवा मुलाच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट असेल तर तिच्याकडे सगळ्यात आधी बघा. सिनेमाची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते, तिची नसते. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, ती फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. कोरड्या पिशवीत तशीच ठेवा, आणि पावसाळा लागायच्या आत साफ करून उतरवून घ्या. दोन हार्ड डिस्कवर प्रत काढा, एक तुमच्याकडे ठेवा आणि एक मुलगा पुढच्या खेपेला आला की त्याच्या बॅगेत द्या.